आधी कॅन बाजूला

पहिलारू गाईनं लाथ झाडली, चरवीतलं ओंजळभर दूध शेणात सांडलं आणि आता तोफ डागली जाणार हे गोठ्यातल्या माश्यांनासुद्धा कळलं. तोफ म्हणजे या घरचा थोरला. नाव गावानं ठेवलेलं, पण त्याला ते आवडायचं. कुणी 'काय तोफसाहेब' म्हणून हाक मारली की गडी मिशीतल्या मिशीत हसायचा.

"माज आलाय हिला," तो उठत म्हणाला. "आंबोणात तोंड खुपसायला बरं जमतं. द्यायची वेळ आली की पान्हा चोरायचा."

धाकटी, म्हणजे त्याच्या भावाची बायको, दारात पोरीची वेणी घालत बसली होती. तिनं पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं. स्वतः मात्र बघत राहिली. कॉलेज शिकलेली बाई. पुस्तकं माहेरच्या माळ्यावर राहिली आणि गेली पाच वर्षं वाचायला हा एवढा एकच ग्रंथ उरला होता.

थोरल्यानं दुधानं भरलेला कॅन दोन्ही हातांनी उचलला. भिंतीकडेला सपाट जागा बघून ठेवला. झाकण नीट बसलंय ना, ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग माघारी येऊन, आधीच पोचे पडलेल्या रिकाम्या बादलीला अशी लाथ घातली की ती उडून अंगणातल्या चिखलात जाऊन पडली. गाय बिचकली. उरलासुरला पान्हाही तिनं वर ओढून घेतला.

"मला राग आला की डोळ्यांपुढं अंधार येतो," तो आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मग मला काही दिसत नाही. आधीच सांगून ठेवतो."

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "दुधासारखं आहे त्याचं. उतू येतं नि खाली बसतं. मनात काही नसतं हो. निर्मळ आहे अगदी."

बादली आणायला थोरली जाऊ चिखलात उतरली. माणूस निर्मळ, पाय बायकोचे बरबटलेले.

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो वैरणीच्या पेंढ्या मोजत होता. पेंढ्या सहाच होत्या, पण भाऊ तापला की त्याला त्या मोजायला फार वेळ लागायचा.

"स्वभावाला औषध नाही," तो तिच्याकडे न बघता पुटपुटला.

उन्हं चढली. चिखलावर साय धरल्यासारखी खपली आली. डेअरीचा तपासणारा फाटकापाशी उतरला. फुंकर मारली तर उडेल असला वाळका माणूस. त्यानं कॅनमध्ये काचेची नळी बुडवली, वर धरली आणि तोंड वाकडं केलं.

"पाणी आहे यात."

"पाणी कसं असेल, साहेब? आत्ता काढलंय," थोरला म्हणाला.

"मग काय मी खोटं बोलतोय? घेऊन जा परत." आणि कॅन त्यानं पायानं सरकवला. पायानं.

धाकटीनं पोरीला मागं ओढलं. आता पडतोय अंधार, असं तिला वाटलं.

"नाही हो साहेब, तुमचंच बरोबर असणार," थोरला म्हणाला. "वैरण ओली आहे ना सध्या, दूधही पाणचट उतरतं. तुम्ही उन्हात नका उभे राहू. अरे, कुणी स्टूल आणा रे."

आणि डोळ्यांपुढं अंधार येणारा तो माणूस साहेबासाठी सावली शोधत अंगणभर फिरला. म्हणजे अंधारसुद्धा माणूस बघून पडत होता. धाकटीला हसू आलं. ते तिनं पदरात धरलं. त्या हसण्यात ती दुपारपर्यंत मजेत होती. भाऊजींसारखं ढोंग आपल्यात नाही, याची मजा.

दुपारी दूध तापवून ती पातेलं घेऊन चुलीपुढून उठली, तर समोर अंगणात पोरगी. चार वर्षांचं तेवढंसं पिल्लू. काखेतली चिंध्यांची बाहुली तिनं आधी कट्ट्यावर ठेवली, पडू नये म्हणून भिंतीला टेकवली. मग काठी उचलली आणि बांधलेल्या वासराच्या नाकावर हाणली.

"माज आलाय तुला," पोरगी म्हणाली. आवाज तोच, कमरेवरचा हातही तोच.

धाकटीच्या कानशिलांत ठोके पडायला लागले. दोन ढांगांत ती पोरीपाशी पोचली आणि दोन थोबाडीत दिल्या. काठी हिसकून लांब फेकली.

"कुणी शिकवलं तुला हे? मुक्या जनावराला मारतेस? मारतेस?"

पोरगी रडली नाही. गालावर बोटं घेऊन ती आईच्या मागं, घरात, चुलीशेजारी बघत होती. म्हणून धाकटीनंही वळून पाहिलं.

पातेलं फडताळावर ठेवलेलं होतं. आत सारून. वर झाकण, झाकणावर वरवंटा. मांजर तोंड घालेल म्हणून.

वरवंटा कधी ठेवला ते तिला आठवेना. पण ठेवला होता तिनंच. दूध सांडायला नको, एवढं कळत होतं. मांजर येईल हेसुद्धा कळत होतं. आणि तेवढं सगळं आवरून झाल्यावर मग तिचा राग अनावर झाला होता. वा गं शहाणे, ती स्वतःला म्हणाली. भाऊजींना लाथ मारायला बादली तरी लागते. तुला पोटची पोर पुरते.

तिन्हीसांजेला जेवणं वाढली. थोरल्यानं पहिला घास घेतला आणि थुंकला.

"अळणी. या घरात मीठ संपलं का अक्कल?"

जावेचा हात कालवणातच थांबला. सासूबाई भिंतीकडे बघायला लागल्या. थोरल्यानं ताटाजवळचा मोबाईल उचलून खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि ताट उचललं.

"भाऊजी," धाकटी म्हणाली. "तो मोबाईल दिसला कसा तुम्हाला?"

"काय?"

"अंधार येतो ना डोळ्यांपुढं. सकाळी भरलेला कॅन दिसला. तपासणाऱ्यासाठी सावलीसुद्धा दिसली. आम्हीच तेवढे दिसत नाही."

"अगं ए," नवरा म्हणाला. "स्वभाव असतो एकेकाचा."

"खिशाला बटण लावायचा स्वभाव?"

जावेच्या नाकातून फस्सकन हसू सुटलं. बारा वर्षं दाबलेलं असावं, इतकं विचित्र वाजलं. ताट अजून हवेतच होतं. फेकावं तर बघून फेकलं असं होतंय, ठेवावं तर आवरता येत होतं असं होतंय. तोफेच्या तोंडात पहिल्यांदाच बोळा बसला होता. शेवटी ताट खाली आलं.

"मीठ कुठंय?"

"तुमच्या उजव्या हाताला," जाऊ म्हणाली. "दिसतंय ना?"

पुढचे चार दिवस थोरला कुणाशी बोलला नाही. घर कसं सुनंसुनं झालं म्हणून सासूबाईंनी शेजारणीकडे डोळे पुसले. गाईनं मात्र दोन्ही वेळा चरवी भरली, कारण धार आता जाऊ काढत होती.

पाचव्या दिवशी धाकटी तापलेल्या दुधाचं पातेलं फडक्यात धरून निघाली, तर अंगणात पोरगी पेंडीचं पोतं उलटं करून बसलेली. अख्खी पेंड चिखलात. कानशिलांत पुन्हा तेच ठोके. तिची नजर आपोआप फडताळाकडे गेली.

पोरगीही फडताळाकडेच बघत होती. तिला क्रम पाठ होता.

"पातेलं ठेव ना आधी," पोरगी गाल पुढं करत समजुतीनं म्हणाली. "सांडेल."

"नाही ठेवत," धाकटी म्हणाली.

फडक्यातून चटके बसायला लागले. दंड भरून आले. पोरगी वाट बघत उभी, ही पातेलं घेऊन उभी. पाच वर्षं ऐकलेल्या सगळ्या शिव्या जिभेवर रांग लावून उभ्या होत्या. त्या ती एकेक करून गिळत होती, आणि एकीचीही चव बरी नव्हती.