चुकीला एक रपाटा

मी एक जुनी पितळी टेबलघंटी आहे. मित्रांनो, माझा जन्मच माराने झाला. कारखान्यातल्या यंत्राने पितळेच्या पत्र्यावर असा तडाखा हाणला, की सपाट पत्र्याची वाटी झाली. मग कारागिराने ती उपडी घातली, पोटात एक इवली हातोडी बसवली, डोक्यावर बटण ठेवले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हाण बघू एक." तेव्हापासून माझे नशीब ठरले.

पहिली काही वर्षे मी एका लॉजच्या काउंटरवर होते. प्रवासी बोटाने हलकेच दाबत, मॅनेजर धावत येई. रोज सकाळी मला फडक्याने पुसत. "किती गोड वाजते!" असे लोक म्हणत, आणि खोटे कशाला बोलू, मला ते आवडे. पुढे लॉज बंद पडले आणि मी भंगाराच्या टोपलीत गेले. तिथून मला मास्तरांनी उचलले.

मास्तर म्हणजे निम्मे आयुष्य जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढलेला माणूस. राग कायम नाकावर. संध्याकाळी छापखान्याच्या वरच्या खोलीत ते स्पॅनिश संभाषणाचा वर्ग घेत. वर्गाचा रिवाज असा, की कोणी चुकले की शेजाऱ्याने मला रपाटा हाणायचा, बाकीच्यांनी हसायचे आणि चुकणाऱ्याने वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. "लाज वाटली की भाषा डोक्यात बसते," असे मास्तरांचे म्हणणे. बसत असेल. टाळके माझे फुटत होते ना!

सगळ्यात जोरात हाणायचा तो औषधवाला. बोटाने नाही, मुठीने. आणि त्याच्या शेजारी बसत शिंपीणकाकू, म्हणजे माझी शंभरी भरलीच होती. काकूंच्या चुका वर्गात गाजत. मास्तर एकाला दुकानदार करत, दुसऱ्याला गिऱ्हाईक, आणि संवाद म्हणायला लावत. पण काकूंना खोटे खोटे भांडताच येत नसे. शर्ट परत करायचा धडा आला, तेव्हा दुकानदार झालेला औषधवाला धड्याबरहुकूम म्हणाला, "शर्ट चांगला आहे." झाले! काकूंनी त्याच्या अंगातल्या शर्टाची कॉलर धरली आणि स्पॅनिश विसरून ओरडल्या, "याला चांगला म्हणता? ही शिवण बघा, ही!" आणि टर्रकन खांद्यापर्यंत उसवून दाखवली. वर्ग पोट धरधरून हसला. औषधवाल्याने सगळा राग माझ्यावर काढला.

मग दवाखान्याचा धडा आला. मास्तर डॉक्टर, काकू रुग्ण. "काय होतंय?" मास्तरांनी स्पॅनिशमध्ये विचारले. बाकीचे लोक घसा, पोट असे काहीबाही सांगून सुटले होते. काकू सावकाश म्हणाल्या, "हात दुखतो. पाठ दुखते. नवरा मारतो."

धाड! औषधवाल्याची मूठ माझ्या डोक्यावर. खोलीभर हशा पिकला, कारण काकूंचा नवरा सगळ्यांच्या ओळखीचा. वर्ग सुटेपर्यंत जिन्यात बायकोची पिशवी मांडीवर घेऊन बसणारा, अगदी गरीब गाय.

"'पडले' म्हणायचं, काकू," मास्तर म्हणाले. "धड्यात 'पडले' आहे."

"तीसुद्धा डॉक्टरला 'पडले' असंच सांगते," काकू म्हणाल्या. "माझी लेक."

हसू जागच्या जागी थिजले. मग काकूंनी सांगितले. लेक लग्न करून परदेशी गेली होती. जावई हात उचलतो, हे तिने शेवटच्या फोनवर रडत सांगितले होते. त्यानंतर त्याने तिचा फोनच काढून घेतला. काकूंकडे उरला फक्त विहीणबाईंचा नंबर. त्या त्याच घरात खालच्या मजल्यावर राहत, आणि त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हते.

"आधी नाही का सांगायचं?" मास्तर उसळले. "लावा फोन. मी बोलतो. अशी झाडतो बघा!"

"तुम्ही झाडाल आणि ती फोन आपटेल. लेक माझी आहे, मीच बोलणार."

फोन स्पीकरवर टाकून माझ्याशेजारीच टेबलावर ठेवला. पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला. काकूंनी नमस्कार, ख्यालीखुशाली, हवापाणी घडाघडा म्हटले आणि तिथे धडा संपला. पुढचे त्यांना स्वतःलाच जुळवावे लागले. त्यांच्या मोडक्या स्पॅनिशचा अर्थ असा होता: "तुमचा मुलगा... माझी मुलगी... मारणे. हात मोडणे. तुम्ही वर जाणे. आता..."

औषधवाल्याची मूठ सवयीने उठली आणि माझ्यावर आदळली. पलीकडे विहीणबाई दचकल्या.

काकूंनी मला उचलले आणि समोरच्या भिंतीवर भिरकावले. भिंतीचा पोपडा उडाला, माझी हातोडी तुटून कपाटाखाली गेली आणि मी जमिनीवर गरगरत राहिले. "बोलू द्या मला!" काकू किंचाळल्या.

जमिनीवरून मी सगळे ऐकले. विहीणबाईंचे एक वाक्य आले. मास्तरांनी हळूच अर्थ सांगितला, "म्हणते, मला रोज ऐकू येतं. पोटचा गोळा म्हणून गप्प बसले."

"जाणे!" काकू ओरडल्या. "जाणे! जाणे!"

फोनमध्ये जिन्यावरची पावले वाजली. दारावर धडका बसू लागल्या. पुरुषाचा आरडाओरडा, काच फुटल्याचा खळ्ळकन आवाज, मग काहीतरी जड कोणाच्या तरी अंगावर बसले आणि तो पुरुष कळवळला. पुन्हा जिना, दोघींची पावले, दार आपटले, कडी लागली.

"आई?" फोनमधून आवाज आला.

"हात कुठला ग?" काकूंनी विचारले.

"डावा."

मग विहीणबाई धापा टाकत बोलल्या. पोलिसांना बोलावले आहे आणि पोर माझ्यापाशी आहे, एवढे काकूंना मास्तरांशिवायच कळले. "धरून ठेवणे," काकू म्हणाल्या. "घट्ट धरून ठेवणे." कोणी हसले नाही.

मित्रांनो, आता मी वाजत नाही. खिडकीत धूळ खात पडून असते आणि मास्तरांनी नवी घंटी आणलेली नाही. त्या औषधवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून सांगते. समोरचा माणूस अडखळत बोलू लागला, की आपली मूठ मांडीखाली दाबून बसा. त्याची चूक कुठे पळून जात नाही. आधी त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. ते पुरे व्हायची वाट बघत पलीकडे कोणीतरी मार खात असेल.