सात नंबरचा पाळणा

साथीमुळे आमचं पार्क बंद होऊन पाच महिने झाले, तरी आकाशपाळणा मी रोज सकाळी वीस मिनिटं फिरवतो. नुसता उभा राहिला तर बेअरिंग जाम होतात. भार हवा म्हणून प्रत्येक पाळण्यात वाळूची पोती ठेवायची. फक्त सात नंबरच्या पाळण्यात पोतं नसायचं. तिथे आमचे मिस्त्रीकाका स्वतः बसायचे, डोळे मिटून, यंत्राचा आवाज ऐकत. "पोत्याला कान असतात का रे?" असं वर मलाच विचारायचे.

गेल्या महिन्यात काका त्याच साथीत गेले. दवाखान्यातून परस्परच नेलं. आम्हाला तोंडही बघायला मिळालं नाही.

आज कँटीनमधल्या टीव्हीवर दोन शहाणे भांडत होते. एक म्हणे, आधी माणसं जगवा. दुसरा म्हणे, धंदे जगवा, अर्थव्यवस्थेचं चाक फिरलंच पाहिजे. माझंच डोकं फिरलं. "चाक मी रोज फिरवतोय, बसायला माणूस दाखव!" असं टीव्हीवर ओरडलो, तो बंद केला आणि कामाला लागलो.

सात नंबरमध्येही आता पोतं असतं. मीच उचलून ठेवलं होतं. वीस मिनिटं झाल्यावर मी पाळणा थांबवला, तो सवयीने सात नंबर बरोबर खाली आणूनच. पुढची दांडी उघडली, आधाराला हात पुढे केला आणि म्हणालो, "उतरा काका. काय ऐकू आलं?"