बेलापूरच्या डोंगरावरचा वाकडा साग

मी एक जुना, वाकडा साग आहे. बेलापूरमागच्या डोंगरावर उभा आहे, अजून तरी. मित्रांनो, माझ्या वाकडेपणाला हसू नका. त्यानेच मला वाचवलं.

इथे पूर्वी सागाचं दाट रान होतं. मग ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. माझ्या सरळसोट भावांच्या दाराच्या चौकटी झाल्या, पलंग झाले. माझ्यापाशी थांबून ठेकेदार म्हणाला, याची धड फळीही निघायची नाही. अपमानच तो, पण माझ्या पथ्यावर पडला.

तेव्हापासून एकच ध्यास होता, माझ्या बियांतून हे रान पुन्हा उभं राहावं. बी मी भरपूर टाकलं. त्यातलं एखादं रुजायचं. दर उन्हाळ्यात वणवा यायचा आणि पोरं वरून जळून जायची. पाऊस पडला की मुळातून पुन्हा उठायची. हट्टीपणात माझ्यावरच गेली होती.

त्यांची कणव आली सुमित्राबाईला. ही पायथ्याच्या गावातली आगरी बाई. तिची भातशेती नवं शहर वसवताना गेली, पण सागाची पानं न्यायला ती वर येत असे. होळीच्या आधी ती पोरांभोवतीचा पाचोळा झाडून काढायची, आग तिथवर पोहोचू नये म्हणून. तिच्यामुळे पोरं गुडघ्याएवढी झाली. माझं पोट आता पोखरलंय, मी कधीही पडेन. पण मागे कुणीतरी आहे, म्हणून मी निश्चिंत होतो.

शहाण्णव सालच्या पावसाळ्यात एका रविवारी नव्या वसाहतीतली मंडळी वृक्षारोपणाला आली. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार पुढे होते. माणसं भली होती. गुलमोहराची रोपं लावायची म्हणून त्यांनी आधी जागा साफ केली. माझी पोरं एकेक करून उपटली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. सागाचं कोवळं पान चुरगळलं की लाल रंग सुटतो. सगळ्यांचे तळवे लाल झाले. मेंदी रंगली म्हणत मंडळी हसली.

सुमित्राबाई वर आली आणि उपटलेल्या पोरांच्या ढिगापाशी बसली.

"दादा, तन नाय हे," ती म्हणाली. "सागाची पोरा हायत."

नंदकुमार आपल्या तळव्याकडे बघत राहिले. "मावशी, आम्हाला खरंच गवत वाटलं हो."

तिने पोरं परत मातीत खोचली. मुळं तुटली होती. एकही जगलं नाही.

गुलमोहर यंदाच्या उन्हाळ्यात वाळले. पाणी घालायला कुणी आलं नाही. नंदकुमारांची बदली झाली. सुमित्राबाईचे गुडघे गेले, ती आता डोंगर चढत नाही. यंदा मला फुलोराही आला नाही. फक्त उपटताना तुटलेलं एका पोराचं मूळ मातीत तसंच राहिलं होतं. त्यातून परवा दोन पानं वर आली आहेत.

येत्या रविवारी पुन्हा वृक्षारोपण आहे, माणसं नवी आहेत. मित्रांनो, तुम्हीही याल. काही उपटण्याआधी त्याच्या पानाचा कोपरा जरासा चोळून पाहा. बोट लाल झालं, तर ते माझं शेवटचं पोर आहे. तेवढं एक राहू द्या.