बिनशेंडीचं शेंडेनक्षत्र

आमची क्रांती धूमकेतूंचा अभ्यास करते म्हटलं की लोक लगेच विचारतात, शेपूट कसं दिसतं हो? अहो, तिला शेपटीशी काही देणंघेणं नाही! सूर्यापासून लांब गेलं की शेपूट नाहीसं होतं आणि उरतो आतला बर्फमातीचा काळाकुट्ट गोळा. तो केवढा, कसा, किती वेळात फिरतो, हे तिला हवं. दुर्बिणीतून तो दिसतो म्हणाल तर एक ठिपका. मी पहिल्यांदा धूळ समजून स्क्रीनच पुसला होता. माझ्या सासूबाई, बयाबाई, अजून विचारतात, "ह्या शेंडेनक्षत्राची शेंडी कुटं हाय?"

दुर्बीण चिलीत आणि पोरगी नेरूळला, आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ. मग काय, मिक्सर बंद, कुकर बंद आणि माझं तोंडही बंद. हे शेवटचं भारी अवघड.

त्या दिवशी दुर्बिणीवर तिची शेवटची पाळी होती. तिचं म्हणणं, गोळा लांबट आहे. माझ्या हातातला बटाटा घेऊन तिने खिडकीपाशी फिरवून दाखवला. आडवा आला की मोठा दिसतो, उजेड जास्त. टोक समोर आलं की कमी.

"काल ठिपका अंधुक झाला होता, आई. सर म्हणतात, एकदा काय, कशानेही होतो. सूर्याकडे जाताना लोकांनी काढलेल्या गिरकीच्या अंदाजाने आज अकराला पुन्हा झाला तरच खरं. नाहीतर माझी दोन वर्षं पाण्यात."

अकरा वाजले. स्क्रीनवर ठिपक्याच्या उजेडाची टिंबं एका रांगेत उमटत होती; उजेड घटला की टिंब खाली यायचं, पण ती ढिम्म हलेनात. सव्वाअकरा झाले. पोरगी नखं खायला लागली.

"तिला म्हना, आदी जेव," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, जरा दम धरा हो!" मी खेकसलेच.

तेवढ्यात एक टिंब जरा खाली उमटलं. पुढचं आणखी खाली. रांग उतरत उतरत तळाला गेली आणि पुन्हा चढायला लागली. क्रांती उभीच राहिली.

"फिरतंय, आई! आणि उशिरा... अगं, त्याची गिरकीच मंदावलीय! सूर्याकडे जाताना याहून भरभर फिरायचं. उन्हाने वाफा सुटल्या, त्यांनीच त्याला मागे रेटलं."

तिने सरांना फोन लावला. त्यांनी ती टिंबं मागवून पाहिली. मग म्हणाले, "शोधनिबंध लिहायला घे."

मला रडूच फुटलं. बाई गं! नेरूळहून वाशीपर्यंतही पुरणार नाही एवढंसं ते ढेकूळ. कोट्यवधी किलोमीटर लांब, सूर्याचा मार खाऊन अंधारात परत निघालेलं. आणि त्याने कूस बदललेली आम्हाला इथे, मिठाच्या बरणीशेजारी दिसली.

"एवड्या लांब त्याला बगाया कोन हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"मी आहे की, आजी," क्रांती म्हणाली.

दुपारी भाजीला बसले. बाकीचे बटाटे चिरले. तो एक मात्र माझ्याच्याने चिरवेना.