कालगुर्लीवाली स्टोरी

वेंटवर्थव्हिल उपनगराच्या मेन रोडवर, मिठाईच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, विक्रांत सर दर शनिवारी बेकार लोकांना जॉब-रेडी करत असत. बेकार हा शब्द मात्र तिथे कुणी उच्चारायचा नाही. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधला माणूस अपस्किलिंग करत असतो, अशी सरांची शिकवण होती. ज्या देशात शाळेच्या मुख्याध्यापकालाही पहिल्या नावाने हाक मारतात, तिथे स्वतःला सर म्हणवून घेणारे ते बहुधा एकटेच. त्यांच्या गळ्यात कायम लॅनयार्डची पट्टी असे. तिला ओळखपत्रही होतं, पण ते नेहमी उलटंच वळलेलं असायचं.

चित्रलेखा तिथे आली ती नाइलाजाने. ती टेस्टर, म्हणजे नवी सिस्टम लोकांच्या हाती पडण्याआधी तिच्यातल्या चुका शोधून काढणारी. विमा कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढचं मिळेना. जो तो रिक्रूटर एकच विचारी, "रिसेंट सर्टिफिकेशन आहे का?" नामांकित संस्थांची फी पाहून तिने लॅपटॉप मिटला.

"विक्रांतचा कोर्स कर," नवरा यतिन म्हणाला. "स्वस्तात आहे. शिवाय येताना फरसाण आणता येईल."

सर्टिफिकेटची परीक्षा ऑनलाइन होती. प्रश्न सर आदल्या शनिवारी वाचून दाखवत आणि जिथे शंका वाटेल तिथे 'वरीलपैकी सर्व' निवडा म्हणून सांगत. एकजण परीक्षा चालू असताना खाली जाऊन कचोरी घेऊन आला आणि पासही झाला. सर्टिफिकेटला लग्नपत्रिकेसारखी सोनेरी किनार होती. त्यावर चित्रलेखाचं नाव पाहून यतिनने विचारलं, "आहेर आणू नये, असं खाली लिहिलंय का?"

पण कोर्समध्ये सरांच्या खास आवडीचा भाग होता तो इंटरव्ह्यूचा. इथे मुलाखतीत हमखास विचारतात, कामावर वाद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत. त्यासाठी प्रत्येकाकडे एक स्टोरी हवी. सरांनी विचारलं, कोण सांगतं? सगळे वह्या चाळू लागले, तेव्हा चित्रलेखाने आपली सांगितली.

पर्थपासून दूर आत, कालगुर्ली गावाकडच्या एका खाण कंपनीच्या दवाखान्यात जुने रेकॉर्ड नव्या सिस्टममध्ये हलवले जात होते. तपासताना तिला दिसलं की तारखा उलटल्यात. दिवसाचा महिना झालाय आणि महिन्याचा दिवस. खाणीत काम करणाऱ्यांची रक्ततपासणी या तारखांवर चालायची. एप्रिलमधली तपासणी नोव्हेंबरात जाऊन बसली होती. मॅनेजर म्हणाला, सगळं बरोबर आहे म्हणून सही करून टाक, नंतर बघू. तिने सही केली नाही. त्याने तिच्याशी बोलणं टाकलं आणि शुक्रवारी पर्थच्या विमानासाठी निघताना तिला पार्किंगमध्ये उभी ठेवून एकट्यानेच गाडी काढली. शेवटी दवाखान्यातल्या नर्सने तिला एअरपोर्टवर सोडलं. तारखा दुरुस्त झाल्या. चित्रलेखाचं कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढलं नाही.

"पॉवरफुल," सर म्हणाले. "फक्त शेवट निगेटिव्ह आहे. त्यावर काम करू."

त्यांनी केलंही. पण सर्टिफिकेट हाती आल्यावर चित्रलेखाने त्या जिन्याचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे ते काम काय झालं हे तिला कळायला वेळ लागला.

जवळच्याच पॅरामॅटातल्या एका सरकारी खात्याने तिला मुलाखतीला बोलावलं तेव्हा तिच्या रेझ्युमेवरची रिकामी जागा पाच महिन्यांची झाली होती. सहा झाले की रिक्रूटर फोन उचलत नाहीत, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. हे हुकलं तर पुढचं कुणी विचारणार नव्हतं, आणि दहाएक वर्षांच्या अनुभवाचं लोणचं घालायची वेळ येणार होती.

लिफ्टमधून बाहेर आली तर समोर सुखदेव. शनिवारच्या वर्गातला, मूळचा नागपूरचा, इथल्याच युनिव्हर्सिटीतून शिकलेला. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये वेअरहाउसमध्ये शिफ्ट करायचा. वर्गात ती त्याच्या शेजारी बसायची, तो येई तेव्हा. शिफ्टमुळे त्याचे बरेच शनिवार बुडत.

"अगं, तूपण? मस्त गेला माझा," तो म्हणाला. "कालगुर्लीवाली ठोकून दिली."

"कुठली कालगुर्लीवाली?"

"सरांच्या नोट्समधली. सॅम्पल स्टोरी नंबर एक. तारखा उलट्या होतात, मॅनेजर सही कर म्हणतो. तू नाही वाचली?"

"ती माझी आहे, सुखदेव."

"आता सगळ्यांचीच आहे ती," तो हसून म्हणाला. "ऑल द बेस्ट."

आत दोघं बसले होते, ग्लेनिस नावाची बाई आणि टिम. ग्लेनिसने पाण्याचा ग्लास पुढे केला, सर्टिफिकेटवर नजर टाकली आणि तो प्रश्न विचारला. चित्रलेखाकडे दुसरी स्टोरी नव्हती. तयारी तिने याच एका स्टोरीची केली होती, कारण ती तिच्याबाबत खरोखर घडली होती. दुसरी कशाला हवी, असा तिचा समज. ती बोलू लागली. 'कालगुर्ली' म्हणताच टिमने पेन खाली ठेवलं.

"गाव छोटं दिसतंय," तो म्हणाला, "पण टेस्टर भलतेच आहेत तिथे."

"आज ही तिसरी," ग्लेनिस म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"पण मी स्वतः होते तिथे. हे माझ्याबाबतीत घडलंय."

"आधीचाही हेच म्हणाला," टिम म्हणाला. "त्याचा शेवट मात्र तुझ्यापेक्षा चांगला होता. त्यात मॅनेजर सगळ्यांसमोर आभार मानतो."

चित्रलेखाला क्षणभर नर्सच्या गाडीतला धुळीचा वास आला. त्या नर्सचं नाव सांगावं, पार्किंग कसं होतं ते सांगावं, असं वाटलं. पण समोरच्या दोघांचे चेहरे पाहून तिला कळलं की जितकं जास्त सांगू तितकं जास्त पाठ केल्यासारखं वाटेल. रागाने तिचं डोकं एकदम थंड झालं.

"सॉरी," ती म्हणाली. "क्लासमध्ये हेच सांगा म्हणाले होते. खरं घडलेलं सांगू का?"

ग्लेनिस पुढे सरकली. आणि चित्रलेखाने धडधडीत खोटं सांगायला सुरुवात केली. एका टीममध्ये दोन डेव्हलपर एकमेकांशी बोलत नव्हते. तिने घरून बनाना ब्रेड भाजून नेला. सकाळी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं, आधी ऐकायचं आणि मग बोलायचं असा नियम केला. एकाने दुसऱ्याची माफी मागितली. सॉफ्टवेअर वेळेवर तयार झालं. स्वतःच्याच तोंडून हे ऐकताना तिला किळस येत होती, पण ग्लेनिस भराभर लिहून घेत होती. बनाना ब्रेड तर तिने आयुष्यात कधी केला नव्हता.

"थँक यू," ग्लेनिस म्हणाली. "हे आतून आलेलं वाटतं. फरक लगेच कळतो."

दोन दिवसांनी कॉन्ट्रॅक्ट आलं. तिसऱ्या दिवशी सरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चित्रलेखाचा फोटो झळकला, तिला न विचारता. वर फुगे, खाली 'आमचं आणखी एक यश'. त्यामागोमाग सरांचा फोन.

"कुठली स्टोरी सांगितलीस? नोट्स अपडेट करायच्यात."

बनाना ब्रेडचं सांगितलं तर शनिवारपर्यंत तो प्रत्येकाच्या ओव्हनमध्ये जाणार, आणि कधीतरी ग्लेनिसच्या कानावर पडणार, हे तिला दिसत होतं.

"कालगुर्लीचीच," ती म्हणाली.

"बघ. मी म्हटलं नव्हतं?"

फोन ठेवल्यावर तिला सुखदेव आठवला. त्याला नकार आला होता आणि पुढच्या आठवड्यात त्याची दुसरीकडे मुलाखत होती. तिने त्याला फोन लावला.

"कालगुर्ली सोड. ती सगळीकडे सांगून झालीये, पॅनेलवाले हसतात. तुझ्यासोबत घडलेलं काहीतरी सांग. वेअरहाउसमधलं चालेल."

"पण तुला त्याच स्टोरीने काम मिळालं ना? सर आत्ताच ग्रुपवर बोलले."

"मी सरांशी खोटं बोलले. मुलाखतीत मी दुसरंच सांगितलं होतं, बनवून."

सुखदेव सावकाश म्हणाला, "चित्रा, तुझं काम झालं. आता आमचं कशाला अडवतेस?"

"अरे, खरंच सांगतेय मी."

"राहू दे, नो वरीज. सरांनी नवीन शेवट दिलाय, तो पाठ करतोय मी. शेवटी मॅनेजर आपल्याला स्वतः गाडीतून एअरपोर्टला सोडायला येतो."