कोनं इचारलंच नाही

दिग्रसजवळच्या शेतातल्या विहिरीतून खुशीला वर काढलं, तेव्हा तिची बोटं मोटारीच्या पाइपावरून सुटता सुटत नव्हती. शेजारच्या वावरातल्या खेमसिंगने किंकाळ्या ऐकल्या, म्हणून ती सहा वर्षांची पोर वाचली.

तिची चुलतबहीण निकिता तिला शेतात घेऊन गेली होती. ती एकटीच घरी आली, जेवली आणि मोबाइल पाहत बसली. चौदा वर्षांची, वर्गात हुशार, पाहुण्यांशी गोड बोलणारी.

शुद्धीवर आल्यावर खुशी एवढंच म्हणाली, "ताईनं ढकललं."

"पोर भेली हाय, काहीबी बोलून राह्यली," निकिताचे वडील मारोतराव म्हणाले. आई विजयमाला मात्र निकिताला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"तू ढकललं?"

"हो."

"काहून वं?"

"किती वेळ पकडून राह्यते, ते पाहाचं होतं."

"मंग घरी येऊन सांगितलं काहून नाही?"

"कोनं इचारलंच नाही."

विजयमालाने हात उगारला. निकिता हललीसुद्धा नाही. गेल्या वर्षी पाण्याच्या टाक्यात मांजरीची पिल्लं मेलेली सापडली, तेव्हाही पोरीचा चेहरा असाच कोरा होता.

"लोकाइले समजलं तं तिचं लगन होनार नाही," मारोतराव रात्रभर बजावत राहिले. सकाळी विजयमालाने जावेला, खुशीची आई रंजिता हिला, खरं काय ते सांगितलं. रंजिताने दार लावून घेतलं. ते पुन्हा उघडलं नाही.

मग विजयमाला लेकीला यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तिथे निकिता हुंदके देऊन रडली. "मले खुशीची माफी मागाची हाय," म्हणाली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पश्चात्ताप झालाय, हे चांगलं लक्षण आहे. महिन्याभराने या."

विजयमालाच्या छातीवरचं ओझं जरा उतरलं. परतीच्या एसटीत तिने लेकीचं डोकं खांद्यावर घेतलं.

"आई," निकिता खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बरोबर रडली ना मी?"

दारव्ह्याच्या स्टँडवर विजयमाला तिला घेऊन उतरली आणि यवतमाळच्या गाडीकडे चालू लागली.

"कुठं चाललो?"

"डॉक्टरीणबाईकडं. आत्ता मले जे इचारलं, ते त्याइच्यापुढं सांग."

निकिताने क्षणभर विचार केला.

"मंग आता रडाचं का नाही?"