दोरावरच्या चिंध्या

गयाबाई रोज सकाळी बुद्धवंदना झाली की मैत्री भावना करायची. डोळे मिटून एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याचं भलं व्हावं असं मनापासून म्हणायचं. मुलगी मनाली, जावई, शेजारच्या काकू, सोसायटीचं पाणी सोडणारा माणूस, गावाकडची आई, झाडून सगळे. चाळीस वर्षांत हा नेम तिने बाळंतपणातही मोडला नव्हता. पण नवरा, शिवराम, गेल्याच्या नवव्या दिवसापासून मुकेशचं नाव आलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. मुकेश तिचा पाठचा भाऊ.

त्याला कारण श्रीपाद. शिवरामच्या टगवर बावीस वर्षं इंजिन सांभाळलेला हा माणूस नवव्या दिवशी भेटायला मांजर्लीच्या घरी आला. चहा घेतला, फोटोकडे बघत बसला आणि उठता उठता म्हणाला, “वहिनी, एक गोष्ट अकरा वर्षं पोटात ठेवलीय. कॅप्टनने शपथ घातली होती. आता शपथ घालणाराच गेला.”

गयाबाईने त्याला पुन्हा खाली बसवलं.

शिवराम मंडणगडकडचा. सतराव्या वर्षी अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबईला आला आणि बंदरात एका टगवर भंडाऱ्याच्या हाताखाली कांदे चिरायला लागला. टग म्हणजे मोठ्या जहाजांना, मालवाहू बार्जना दोर लावून ओढणारी बुटकी, दांडगी बोट. कांदे चिरता चिरता तो खलाशी झाला. शाळा सातवीपर्यंतची, इंग्रजी तो जहाजांच्या पाठीवरची नावं वहीत उतरवून शिकला. परीक्षेत दोनदा आपटला, तिसऱ्यांदा पास झाला तेव्हा मनाली पोटात होती. मग सारंग, म्हणजे लहान बोटीचा प्रमुख, मग मास्टर. बंदरात लोक कॅप्टन म्हणायला लागले तरी घरात पाऊल टाकलं की आधी मोरीतला गळका नळ बघायचा. पंधरा दिवस पाण्यावर, पंधरा दिवस घरी. घरच्या पंधरा दिवसांत मनालीची वेणी तोच घालायचा, आणि इतकी घट्ट की पोर भुवया वर ओढलेल्या अवस्थेत शाळेत जायची. दोन हजार पाचच्या पुरात नदी मांजर्लीत शिरली तेव्हा त्याने पहिल्या मजल्याच्या ग्रिलला दोर बांधून तळमजल्यावरची सोळा माणसं वर घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोरावर सगळ्यांचे कपडे वाळत घातले.

दोराच्या बाबतीत तो कुणाचं ऐकायचा नाही. टगवर त्याने स्वतःची एक रीत घातली होती. रोज सकाळी मेटने, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या माणसाने, ओढायचा दोर हातातून सरकवत तपासायचा आणि जिथे पेड तुटलेला लागेल तिथे लाल चिंधी बांधायची. चिंध्या गयाबाईच द्यायची, जुन्या परकराच्या फाडून. तीनपेक्षा जास्त लाल दिसलं की दोर बाद. सुकाणूवरच्या माणसाला मागचा दोर जवळून दिसत नाही, लाल दिसतं.

“अपघाताच्या दिवशी कॅप्टनने मागे वळून बघितलं. एकही लाल नव्हतं,” श्रीपाद म्हणाला. “म्हणून त्यांनी ओढायला घेतलं. दोर तुटला. आपला खलाशी रघू मागे उभा होता. तुटलेला दोर कसा फिरतो ते सांगत नाही, वहिनी. जागच्या जागी गेला.”

“चिंध्या का नव्हत्या?”

“होत्या. सात होत्या. मेट मुकेश होता; त्यानेच बांधल्या आणि त्यानेच सोडल्या. इंजिनाच्या तेलकट कचऱ्याच्या पिंपात टाकताना मी बघितलं, पण वाटलं, दोर बदलला असेल. दोर बदलायला बसलो असतो तर भरती गेली असती, बार्ज अडकला असता. आणि वरच्या साहेबाने त्याला सांगून ठेवलं होतं, आजचं काम उरकलंस तर पुढच्या टगवर तू सारंग.”

चौकशीत मुकेश म्हणाला, मी दोर खराब आहे म्हणून सांगितलं होतं, कॅप्टनने ऐकलं नाही. चौकशीवाल्या साहेबांना चिंध्यांची रीत ठाऊकच नव्हती. ती कुठल्या नियमाच्या पुस्तकात नव्हती. आणि शिवराम एवढंच म्हणाला, जबाबदारी माझी.

“मी त्यांना त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं,” श्रीपाद म्हणाला. “तर मलाच म्हणाले, पोरगा तुरुंगात गेला तर मनालीच्या आईचं माहेर संपलं. तिला कळता कामा नये.”

परवाना दोन वर्षांसाठी गेला आणि शिवराम कायमचाच पाण्यावरून उठला. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर बसून तो ट्रकचे नंबर लिहायचा. तिथली पोरं सलाम ठोकून म्हणायची, “कॅप्टन, जहाज आत घेऊ का?” तो हसून फाटक उघडायचा. मुकेश सारंग झाला, मास्टर झाला, शिरगावला फ्लॅट घेतला. दर चौदा एप्रिलला पेढे घेऊन यायचा आणि भावजींच्या पाया पडायचा. भावजी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. आणि गयाबाई दोघांना खीर वाढायची!

श्रीपाद गेल्यावर तिला पहिला राग आला तो शिवरामचा. फोटोसमोर उभी राहून ती म्हणाली, “माहेर माझं होतं ना? मग मला विचारायचं होतंत.”

मग तिने मुकेशचा विचार केला. पंचशील तिने आयुष्यभर पाळलं होतं, दर पौर्णिमेला अष्टशील. कुणाला इजा करायची नव्हती, खोटं बोलायचं नव्हतं. पण खरं बोलून कुणाचं नाक कापू नये असं काही त्यात म्हटलेलं नव्हतं. तिने मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तपासून बघितलं. वैर धरू नये हे तर तिला ठाऊकच होतं. ते तिने पुढच्या पौर्णिमेवर टाकलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, पत्रिकेत तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, प्रमुख आदरांजली: मुकेश. मनाली म्हणाली, “आई, मामा पाल्हाळ लावतो ग. दोन मिनिटं देऊ या.”

“त्याला हवं तेवढं बोलू दे,” गयाबाई म्हणाली.

पत्रिका हातात पडताच मुकेशचा फोन आला. “ताई, एवढा मान? काय बोलू मी?”

“खरं असेल ते बोल.”

“आमच्या बिल्डिंगवाल्यांना आणू का? आणि बंदरातली जुनी मंडळी?”

“सगळ्यांना आण रे. जेवण भरपूर सांगितलंय.”

मग ती उल्हासनगरला कॅम्प चारला गेली. रघूची बायको कुंदा तिथे जीन्स शिवायच्या कारखान्यात धागे कापायची. ट्यूबलाइटखाली निळ्या कपड्यांचा ढीग आणि ढिगामागे कुंदा. गयाबाईला बघून तिने कात्री खाली ठेवली नाही.

“कशाला आलात?”

“रविवारी कार्यक्रम आहे. यांच्या पुण्यानुमोदनाचा. या.”

“तुमच्या नवऱ्याच्या नावाचं जेवण मी जेवू? माझा माणूस खाल्ला त्याने. आमच्या गल्लीत विचारा, घरोघर सांगितलंय मी. मेला म्हणून कळलं तेव्हा पेढे वाटणार होते, पोराने हात धरला.”

मागून मालकाचा आवाज आला, “कुंदाबाई, बातें बाद में, माल आज निकालना है!”

“निकालती हूँ, शेठ, कहाँ भागी जा रही हूँ!” कुंदा ओरडली.

गयाबाईचा आवाज मुळातच इतका हलका की रिक्षावाल्यालाही पत्ता दोनदा सांगावा लागे. ती कुंदाच्या कानाशी वाकली. “जेवू नका. फक्त ऐकायला या. तुमचा माणूस कुणी खाल्ला ते तिथे कळेल. त्यानंतरही यांना शिव्या द्याव्याशा वाटल्या तर माझ्यासमोर द्या, मी ऐकून घेईन.”

कुंदाची कात्री थांबली.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव घातला होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्त्या लागल्या. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं, सगळ्यांनी हात जोडून म्हटलं. मुकेश पांढराशुभ्र झब्बा घालून पहिल्या रांगेत, गयाबाईच्या शेजारी. त्याच्यामागे शिरगावची अख्खी बिल्डिंग आणि बंदरातले आठ-दहा जुने खलाशी. कुंदा मुलाला घेऊन शेवटच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर आवळून.

विहाराच्या कमिटीतला सुजित सूत्रसंचालन करत होता. चार जण बोलले. मग मुकेशने माईक हातात घेतला.

“जयभीम. भावजी म्हणजे माझे गुरू. एकोणीस वर्षांचा होतो, हाताला धरून टगवर नेलं. असा देवमाणूस नाही.” इथे त्याने डोळे पुसले. “एक चूक झाली. माणूस आहे. मी त्या दिवशी पाया पडून सांगितलं होतं, भावजी, हा दोर नको. पण मोठी माणसं ऐकत नाहीत. एक जीव गेला. तरी मी त्यांना कधी एका शब्दाने दोष दिला नाही. आजही देत नाही.”

मागे कुणीतरी हळहळलं. बिल्डिंगमधल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला.

गयाबाई उठली. सुजितने स्टँडवरचा दुसरा माईक तिच्या उंचीला खाली केला. ती बोलायला लागली आणि मागून ओरड आली, “आवाज येत नाय, काकी!” सुजितने आवाज वाढवला.

“मुकेश, बसू नकोस. मघाशी आपण दोघांनी शेजारी बसून पंचशील घेतलं. खोटं न बोलण्याचं चौथं शील तू माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणालास. म्हणून विचारते. त्या दिवशी दोरावर चिंध्या किती होत्या?”

मुकेश हसल्यासारखं करून म्हणाला, “ताई, हे काय आता मध्येच?”

“किती होत्या?”

“चिंध्या? नव्हत्या. एकही नव्हती.” तो घाईने म्हणाला. चिंध्या होत्या म्हटलं तर त्या गेल्या कुठे हा प्रश्न येणार, एवढंच त्याला त्या क्षणी सुचलं.

मांडवातल्या इतरांना यात काही वावगं वाटलं नाही. पण खलाशांच्या रांगेत हालचाल झाली. एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, “आं? दोर खराब होता म्हणतोस ना? मग चिंधी का नाय बांधली? मेट तूच होतास ना?”

“म्हणजे... होत्या. होत्या काही.”

“आत्ता नव्हत्या, आत्ता होत्या!” दुसरा खलाशी म्हणाला. “जादू काय रे?”

“होत्या तर यांना दिसल्या का नाहीत?” गयाबाईचा आवाज तसाच, ताटात मीठ वाढावं तसा. “लाल होत्या. माझ्याच परकराच्या.”

श्रीपाद उभा राहिला. नुसता उभाच राहिला. मुकेशने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“ताई, घरी जाऊन बोलू.”

“मी अकरा वर्षं घरीच होते, बाळा. इथे बोल. हवं तर सगळ्यांना पुन्हा पंचशील घ्यायला सांगते.”

मनालीने आईचा हात धरला. गयाबाईने तो अलगद सोडवला आणि वाट बघत उभी राहिली. पंखा फिरत होता. मेणबत्तीची ज्योत वाकडी होऊन पुन्हा सरळ झाली. तिला कसलीच घाई नव्हती.

“सात होत्या,” मुकेश म्हणाला. माईक हातात असल्याने पुटपुटणंही सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. “मी सोडल्या. भावजींना ठाऊक नव्हतं. भरती जात होती... मला वाटलं, एवढी एक खेप निघेल.”

शिरगावची बिल्डिंग मान खाली घालून बसली. म्हातारा खलाशी उठला, शिवरामच्या फोटोसमोर गेला आणि कडक सलाम करून तिथेच उभा राहिला. बाकीचे खलाशी एकेक करून त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. गयाबाईला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला रडू येईल. पण तिला छान वाटलं. इतकं छान वाटणं बरं नव्हे हेही तिला कळत होतं.

जेवणाच्या वेळी मुकेश पिशवी घेऊन जवळ आला. आत दुखवट्याची पांढरी साडी होती, भावाने बहिणीला द्यायची. “ताई, ही तरी घे. मला माफ कर.”

“साडी परत ने. आणि माफी माझ्याकडे नाही, ती बघ तिकडे बसलीय.”

कुंदाच्या पुढ्यात ताट होतं. ती जेवत होती, मुलगाही. मुकेश समोर जाऊन हात जोडून उभा राहिला तसा तिने घास गिळला आणि वर बघितलं.

“असं नाही,” ती म्हणाली. “मी अकरा वर्षं कॅप्टनला घरोघर शिव्या घातल्यात. त्या घरोघर जाऊन परत घ्यायच्यात मला. उद्या सकाळी कॅम्प चारला या. तुम्ही बोलायचं, मी शेजारी उभी राहीन. प्रत्येक दारात. नाहीतर पोलिसात जाते, माझा पोरगा वकिलाकडे कामाला आहे.”

“मीपण येईन,” गयाबाई म्हणाली.

सोमवारी वंदना आटोपून ती निघाली. कुंदाच्या गल्लीत चौदा घरं. पहिल्या दारात मुकेशला बोलायला फार वेळ लागला. दुसऱ्या दारात त्याने ‘थोडी गडबड झाली’ असं म्हणून बघितलं; कुंदाने “नीट सांगा” म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. पाचव्या दारात एका सिंधी आजीने सगळं ऐकून त्याच्या पायाशी पिंक टाकली आणि दार लावलं. गयाबाई छत्रीला टेकून उभी होती, दारागणिक मोजत.

सहाव्या घराआधी मुकेश थांबला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. “ताई, बस कर. गावात आईच्या कानावर गेलं तर ती मरेल. तुझंही माहेर संपेल, कळतंय का तुला?”

“आईला मी कालच फोन केला.”

मुकेशचा चेहरा उतरला. “काय म्हणाली ती?”

“आधी सगळं पुन्हा सांगायला लावलंन. मग विचारलंन, गल्ली केवढी आहे?” गयाबाई म्हणाली. “मी म्हटलं, चौदा घरं. तर म्हणाली, मधलं एकही सोडू देऊ नकोस त्याला. आणि झालं की गावी ये, फणस काढून ठेवते.”

तिने छत्रीच्या टोकाने सहाव्या घराची कडी वाजवली आणि मुकेशला पुढे व्हायला सांगितलं.